रॉबर्ट जॉन्सनने आत्मा विकला नव्हता, तो शिकला होता

‘जगातला सर्वात थोर ब्लूज गिटारवादक एका रात्रीत घडला’ हा मेसेज काल भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत. दावे असे: अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या रॉबर्ट जॉन्सनला धड गिटार येत नव्हती, मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला, ना गुरू, ना रियाज, ब्लूजला फक्त दुःख लागतं, आणि सत्ताविसाव्या वर्षी सैतानाने वसुली केली. खाली भाच्याची ओळ: ‘मामा, क्लास लावून असं येत नसतं.’ ही ओळ वाचून गप्प बसवलं नाही.

आधी सैतान. जॉन्सन सुरुवातीला वाईट वाजवायचा आणि काही काळ गायब होऊन परतला तेव्हा ऐकणारे थक्क झाले, हे सन हाउस या जुन्या वादकानेच सांगितलंय. तेवढं मान्य. पण मधल्या काळात तो कुठे होता? ब्रूस कॉनफोर्थ आणि गेल डीन वॉर्डलो यांच्या २०१९च्या चरित्रात याचं उत्तर आहे. तो आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या बाजूला गेला आणि आइक झिमरमन नावाच्या वादकाच्या घरी राहून शिकला. झिमरमनच्या मुलीनेच हे सांगितलंय. रात्री दोघं जवळच्या कबरस्तानात जाऊन वाजवायचे, कारण तिथे कुणाची झोप मोडत नसे. म्हणजे कबरस्तान खरं आहे, तिथे समोर बसलेला माणूस मात्र गुरू होता. चौरस्त्याची गोष्ट तर टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच वादकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली. दोघांचं नातंही नाही, फक्त आडनाव एक. आणि रॉबर्टने १९३६ साली चौरस्त्याबद्दलचं जे गाणं रेकॉर्ड केलं, त्यात तो गुडघे टेकून देवाची दया मागतो.

मला राग येतो तो इथे. गोरा ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन्सनच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकला, तर ती साधना. एका कृष्णवर्णीय मुलाने दुसऱ्या कृष्णवर्णीय माणसाकडून रात्री जागून विद्या घेतली, तर ती सैतानाची करणी! शिष्याचे कष्ट पुसले आणि गुरूचं नावही.

रियाज नव्हता म्हणे. सॅन अँटोनिओ (१९३६) आणि डॅलस (१९३७) मिळून त्याने २९ गाणी रेकॉर्ड केली. त्यातल्या अनेकांचे दोन-दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग, ऐका, बांधणी पक्की ठरलेली आहे. स्किप जेम्स या ब्लूज गायकाने पियानोवर गायलेलं गाणं त्याने गिटारवर आणलं. पियानोच्या डाव्या हाताची चाल खर्जाच्या तारांवर चालू ठेवून वरच्या तारांवर गाण्याला उत्तर द्यायचं, ही त्याची थोरवी. ती कान आणि बोटं मिळून कमावतात.

दुःखाचं म्हणाल तर ते होतंच. १९३० साली पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पण असं दुःख त्या काळी मिसिसिपीत घरोघरी होतं आणि जॉन्सन एकच झाला. शिवाय सोबत फिरलेला जॉनी शाइन्स सांगतो की तो पोल्का ही युरोपीय नाचाची धूनही वाजवायचा, लोकप्रिय गाणीही. पैसे देणारा मागेल ते.

राहिली वसुली. तो १६ ऑगस्ट १९३८ला ग्रीनवुडजवळ वारला. मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या जागी ‘डॉक्टर नाही’ एवढंच लिहिलंय. विष होतं की आजार, यावर अभ्यासक अजून भांडतात.