‘लोखंड लागलं की गाठ चवताळते’? खुलासा

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मांडीतली गाठ काढली, ती परत आली. लोखंड लागलं की कॅन्सर चवताळतो. आता ऑपरेशन नको, काढा घ्या.’

यातलं ‘गाठ परत येते’ एवढंच खरं.

अशी गाठ सार्कोमाची असू शकते. सार्कोमा हा स्नायू, चरबी, नसांच्या आवरणात होणारा कॅन्सर. मोठ्यांच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम 1 टक्का, म्हणून ‘चरबीची गाठ’ समजून तपासणीविना ती काढली जाते. इथंच घोडं पेंड खातं. गाठ वरून गुळगुळीत दिसली तरी तिच्या पेशी आजूबाजूला शिरलेल्या असतात. नुसती गाठ सोलून काढली की त्या मागे राहतात. दोष लोखंडाचा नव्हे, अर्धवट ऑपरेशनचा. अर्थात, नीट ऑपरेशन होऊनही काहींची गाठ उलटते.

परत आली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. आधी एमआरआय, सुईनं तुकडा काढून तपासणी आणि छातीचा सीटी, कारण हा आजार बहुधा फुप्फुसात जातो. मग भोवतीच्या निरोगी मांसासह पुन्हा शस्त्रक्रिया, गरजेनुसार रेडिएशन, काहींना केमो. फुप्फुसात मोजक्याच गाठी असतील तर त्याही काढता येतात. पाय बहुतेक वेळा वाचतो.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि बायोप्सीचे ब्लॉक (तपासणीसाठी मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) न्या. ब्लॉक लोक हमखास विसरतात. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढती गाठ असेल तर तुकडा तपासल्याशिवाय ती काढू देऊ नका.