शेजारच्या तंबूतला डॉल्बी

भाऊ कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीला सहकुटुंब तंबूत राहून परतल्यापासून साताऱ्यात गोलबागेजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. शनिवारी रात्री काय घडले, ते प्रत्येकाने त्याच्याच तोंडून किमान दोनदा ऐकलेले आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. वाद होता तो भाऊने पहाटे जे केले त्याबद्दल. शेजारच्या तंबूंपुढे रात्री अडीचपर्यंत गाणी वाजली, आणि त्याची परतफेड म्हणून भाऊने सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी गाडीचे चारही दरवाजे उघडून पूर्ण आवाजात भूपाळ्या लावल्या.

तात्यांनी त्याची पाठ थोपटली. तात्या हे आमच्यातले असे सद्गृहस्थ आहेत की, त्यांनी कानात गुपित सांगितले तरी रस्त्यापलीकडचा भेळवाला मान वळवून पाहतो. अशा माणसाने आवाजाविरुद्धच्या लढ्याचे सेनापतिपद घ्यावे, हे आम्हाला थोडे जड गेले. परंतु ते थांबले नाहीत. आपण असतो तर रात्री अकरालाच स्पीकर उचलून कोयनेच्या पाण्यात फेकला असता, असे त्यांनी जाहीर केले, आणि ही पुण्याहून येणारी पोरे आपल्या जिल्ह्याला धर्मशाळा समजतात, असेही बजावले.

"गाडी पुण्याची होती का रे?" आप्पाने भाऊला विचारले. आप्पाचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि वाहनाच्या क्रमांकाशिवाय त्याला कोणतीही कथा पूर्ण वाटत नाही.

भाऊने चहाचा घोट घेतला, तो जरा लांबला. "अकरा नंबर होता," तो म्हणाला.

एमएच ११ म्हणजे सातारा, हे कट्ट्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तात्यांनी क्षणभर विचार करून ती पोरे मग मूळची कऱ्हाडची असतील, अशी दुरुस्ती सुचवली. वकीलसाहेब कऱ्हाडचे, त्यांनी कऱ्हाडचा क्रमांक ५० असल्याचे थंडपणे नमूद केले आणि विषय कायद्याकडे वळवला.

केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरलेली आहे, असे त्यांनी सांगितले. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. हा शेवटचा भाग तात्यांना पाठ होता, कारण त्यांच्या मंडळाचे सगळे तत्त्वज्ञान त्या पंधरा दिवसांवर उभे आहे. भाऊने ११२ ला फोन करायला हवा होता, असा वकीलसाहेबांचा निष्कर्ष होता.

"रेंज नव्हती," भाऊ म्हणाला.

"असती तरी काय झाले असते?" आप्पाने विचारले. "रात्री घाटातून गाडी येईपर्यंत ती पोरे घोरत असती, आणि साहेबांपुढे जागा सापडला असता तो हा. जबाब ह्याचाच घेतला असता."

मास्तरांनी एव्हाना चहाचे रिकामे ग्लास गोळा करायला सुरुवात केली होती. मास्तरांनी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे आणि फळा नसला की त्यांचे हात अस्वस्थ होतात. त्यांनी कट्ट्याच्या फरशीवर तीन ग्लास मांडले: एक भाऊचा तंबू, एक गाणी वाजवणाऱ्यांचा, आणि थोडा बाजूला तिसरा. कट्ट्याची कड म्हणजे शिवसागराचे पाणी. थंडीच्या रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो, त्यामुळे वर जाऊ पाहणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, असे त्यांनी समजावले. दिवसा ज्या अंतरावरून बोलणे कळत नाही, त्याच अंतरावरून रात्री शब्दन्‌शब्द ऐकू येतो तो यामुळे. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने वाटेत अडवणारेही काही नसते. तंबूचे कापड ढोलाचा ठोका अडवील, ही अपेक्षाच चुकीची, कारण खालचे सूर विटांच्या भिंतीलाही फारसे जुमानत नाहीत.

"हे मला २०१६ पासून माहीत आहे," असे म्हणून मास्तरांनी तात्यांकडे पाहिले. त्या वर्षी तात्यांच्या मुलाची वरात मास्तरांच्या दारासमोर पाऊण तास थांबली होती आणि डॉल्बीच्या दणक्याने त्यांच्या शोकेसची काच तडकली होती. त्या काचेला आजही चिकटपट्टी आहे. तात्यांनी ती काच आधीच तडकलेली होती, हे आपले जुने म्हणणे याही वेळी मांडले, परंतु आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

मग मास्तरांनी कामाची गोष्ट सांगितली. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवरचा तंबू चाळीस मीटरवर नेला तर १२ डेसिबलचा फरक पडतो, आणि आवाज कानाला निम्म्याहून कमी वाटतो. "संध्याकाळी पाच वाजता, खुंट्या ठोकण्यापूर्वी, शेजारी काय उतरवत आहेत ते पाहायचे," ते म्हणाले. "डिकीतून मुलांचे झबले निघाले तर बसा. डब्याएवढा स्पीकर निघाला तर तेव्हाच तंबूंच्या जागेच्या मालकाला सांगून चार जागा पलीकडे सरका."

मालकाचा विषय निघताच भाऊ पुन्हा तापला. 'कुटुंबांसाठी खास' अशी पाटी लावून पैसे घेतलेल्या त्या मालकाने साडेअकराला, "साहेब, त्यांनीही पैसे दिलेत," एवढेच सांगून कंदील बारीक केला होता. पाटी वाचून पैसे भरू नयेत, दहानंतर आवाज झाला तर उठून कोण जाणार हे फोनवरच विचारून घ्यावे, असे वकीलसाहेब म्हणाले. हे म्हणणे कोणी खोडले नाही.

"पण तू स्वतः कधी गेलास त्यांच्याकडे?" आप्पाने विचारले.

भाऊ गेला होता. दीड वाजता, कानटोपी घालून, हातात विजेरी घेऊन, आणि पहिले वाक्य होते: "तुम्हाला आईबाप आहेत का?"

यावर आप्पाने जे सांगितले ते मी जवळजवळ जसेच्या तसे लिहितो आहे, कारण माझ्या मते त्या संध्याकाळी त्यापेक्षा शहाणे कोणी काही बोलले नाही. "दीड वाजता तू शेजारी म्हणून गेलाच नाहीस, फौजदार म्हणून गेलास, आणि वर्दी होती कानटोपीची. मित्रांसमोर असे विचारल्यावर कोणता पोरगा आवाज कमी करील? तो वाढवणारच, नाहीतर त्याची इज्जत जाते. नऊ वाजता जायचे, गाणी वाजत असली तरी चांगली आहेत म्हणायचे, काडेपेटी मागायची, आणि उठताना सांगायचे की धाकटी दहाला झोपते, तेव्हा जरा बेस तेवढा कमी करा. 'बंद करा' नाही, 'बेस कमी करा'. बंद करायला सांगितले की भांडण होते, बेस कमी करायला सांगितले की एक बटण फिरवावे लागते. आणि बाटल्या रिकाम्या झाल्या असतील तर जायचेच नाही. मालकाला उठवायचे, नाहीतर कानात कापूस घालून पडायचे."

भाऊ गप्प झाला. त्याचे कारण नंतर कळले. घरून निघताना वहिनींनी कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा डबा घेतला होता, आणि शेजारी तंबू लागल्यावर पाच-सहा पेढे कागदावर ठेवून, "देऊन या, ओळख होईल," असे त्यांनी नवऱ्याला नऊच्या सुमारास सांगितलेही होते. अनोळखी पोरांना पेढे वाटायला आपल्या घरी बारसे आहे का, असे विचारून भाऊने ते पेढे स्वतः खाल्ले. रविवारपासून वहिनी त्याच्याशी कामापुरतेच बोलत आहेत.

"भूपाळ्यांनी तरी पोरे उठली ना?" तात्यांनी आशेने विचारले.

पोरे उठली नव्हती. अडीचला झोपलेल्या, प्यायलेल्या पंचविशीतल्या पोरांना सहाला उठवणे देवालाही शक्य नाही. मास्तरांनी मांडलेला तिसरा ग्लास आप्पाने बोटाने पुढे सरकवला. त्या तंबूत सांगलीचे एक जोडपे सात महिन्यांच्या बाळाला घेऊन आले होते. त्या बाळाला रात्री तीननंतर कसाबसा डोळा लागला होता, आणि 'घनश्याम सुंदरा'च्या पहिल्याच ओळीला त्याने जो सूर धरला तो नाश्त्यापर्यंत सोडला नाही. त्याच्या आईने भाऊकडे जसे पाहिले, तसे भाऊनेही त्या पोरांकडे पाहिले नव्हते.

"ते जागे होते तेव्हा तू जागा," आप्पा म्हणाला, "आणि ते झोपले तेव्हाही तू जागाच. सूड नक्की कोणावर उगवला?"

वकीलसाहेबांनी मात्र भाऊचा बचाव केला: सहा वाजून गेलेले असल्यामुळे दहा ते सहाची बंदी संपलेली होती. कायद्याने भाऊ निर्दोष ठरल्याचा आनंद तात्यांनी इतक्या मोठ्याने व्यक्त केला की भेळवाल्याने खरोखरच मान वळवली. त्या भरात त्यांनी पुढच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून तापोळ्याला तंबू ठोकायचे, स्पीकर कोणीही आणायचा नाही आणि दहाला कंदील विझवायचे, असा ठरावही मांडून टाकला.

ठराव मंजूर झाला, आणि भाऊशेजारी कोण झोपणार या मुद्द्यावर अडला. भाऊचे घोरणे आम्ही पंढरपूरच्या धर्मशाळेत अनुभवलेले आहे. त्या रात्री आप्पा उठून बसगाडीत झोपला होता. मास्तरांनी पुन्हा ग्लास हातात घेतला. दहा मीटर पुरणार नाहीत, वीसही नाहीत, असे पुटपुटत ते भाऊचा ग्लास दर दुपटीला पुढे सरकवू लागले. एकशेसाठ मीटरवर तो कट्ट्याच्या अगदी कडेला आला.

"मास्तर, पुढे पाणी आहे," भाऊ म्हणाला.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले, आणि आणखी एकदा दुप्पट करण्यासाठी त्यांनी बोट उचलले, तेवढ्यात चहावाल्याच्या पोराने येऊन तिन्ही तंबू विसळायला नेले.