तो राग बेतलेला नव्हता

कॅनेडियन गायिका अलानिस मॉरिसेटच्या 'जॅगड लिटल पिल' या १९९५च्या अल्बममधला राग निर्माता ग्लेन बॅलार्डने बाजारासाठी बेतून दिला होता, हे या अल्बमवरच्या लेखातलं विधान मला साफ अमान्य आहे. कॅनडात तिचे आधीचे दोन अल्बम डान्स-पॉपचे होते, एवढ्यावरून १९९५ साली काही समीक्षकांनी हा संशय घेतला आणि तो अजूनही तसाच उगाळला जातोय. खरं तर अलानिस आणि बॅलार्ड दोघं बसून गाणं लिहायचे आणि तिथेच डेमोसाठी, म्हणजे गाण्याच्या कच्च्या नमुन्यासाठी, तिचा आवाज ध्वनिमुद्रित करायचे. अल्बमवर बरेचदा तोच कच्चा आवाज कायम ठेवलाय. 'यू ऑटा नो' या गाण्यात 'रेड हॉट चिली पेपर्स' या रॉक बँडमधल्या फ्लीचा बेस आणि डेव्ह नवारोची गिटार नंतर चढवली, पण दम लागलेला तो आवाज आधीचाच आहे. असा आवाज कोण बेतून देणार?

दुसरं म्हणजे, हा नुसता संतापाचा अल्बम नाहीच. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाने मुखपृष्ठावर तिला 'अँग्री व्हाइट फीमेल' (संतापलेली गोरी बाई) म्हटलं आणि तोच शिक्का बसला. 'हेड ओव्हर फीट' तर सरळसरळ प्रेमाचं, कृतज्ञतेचं गाणं आहे. आम्हा मैत्रिणींना सगळ्यात जास्त भिडलं ते 'परफेक्ट'. त्यात आईवडीलच मुलाशी बोलतात: अजून थोडं चांगलं कर, मग आम्ही प्रेम करू. बारावीच्या टक्क्यांवरून घरात रोज बोलणी खाणाऱ्या मुलींना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. लेखात या गाण्याचा साधा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.