वारीला तयारी लागते, आणि वारकरी ती करतात

पालखी प्रस्थान जवळ आलं की आमच्या सगळ्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. यंदाही आला. सार असं: ‘वारीची तयारी करणारा वारकरी नव्हे, पर्यटक. सराव, बूट, औषधं ही अविश्वासाची लक्षणं. अनवाणी निघा, रिकाम्या हाताने निघा. पाणी बेतानं प्या म्हणजे सारखं थांबावं लागत नाही. आणि निघालात की अर्ध्यातून परतू नका, वारी मोडते. बाकी माउली चालवून घेते.’

तो माझ्या मावशीकडेही गेला. ती ६१ वर्षांची आहे, मधुमेह आहे, आणि यंदा पहिल्यांदा चालणार आहे. संध्याकाळी तिचा फोन आला, “अगं, मग ते बूट परत करू का?” म्हणून हे लिहायला बसले.

सराव म्हणजे अविश्वास, इथून सुरुवात करते. पहिल्या वारीत माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी चालत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर तुळस, आणि संध्याकाळपर्यंत पाऊल ढळलं नाही. त्यांना पाहून कुणीही म्हणेल, बघा, कसली तयारी न् काय. पण त्या वर्षभर खुरपणीला जातात, सरीतून वाकून चालतात, शेतातून गावात चाऱ्याचा भारा आणतात. त्यांचा सराव अकरा महिन्यांचा असतो. आपण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत चालतो आणि त्यांच्या बरोबरीनं आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालायला निघतो.

दिंडीचं तरी तयारीवाचून कुठे चालतं? नावनोंदणी होते, भिशी म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी गोळा होते, किराणा भरला जातो, ट्रक, टँकर आणि तंबू ठरवावे लागतात. कुठली दिंडी रथापुढे, कुठली मागे, तिचा क्रमांक कोणता, हे सगळं ठरलेलं. आजच्या सोहळ्याची ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. माउलींचे अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून येतात, तेही प्रस्थानाआधी चालत आळंदीला पोचतात. त्या शिस्तीनं चालणाऱ्या कुणालाही श्रद्धा कमी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

सराव कसला करायचा, हे मात्र नीट समजून घ्या. एका रविवारी सिंहगड चढून आलात म्हणून वारीची तयारी झाली असं होत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, आखडलेल्या पोटऱ्यांनी परत उभं राहायचं असतं तेव्हा. म्हणून दोन-अडीच महिने आधीपासून शनिवार-रविवार लागोपाठ चाला. तळजाई, वेताळ टेकडी चांगलीच, पण तिथे पायाखाली माती असते. वारीत डांबर आणि काँक्रीट असतं, आणि ते गुडघ्याला कळतं. दोनातला एक दिवस तरी रस्त्यावर घालवा. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला ठाऊक नसते: दिंडीत वेग आपला नसतो. ओळ थांबते, सरकते, पुन्हा थांबते. कंबर चालण्यानं जितकी दुखते, त्याहून जास्त या उभं राहण्यानं दुखते. म्हणून किलोमीटर मोजू नका, पायावर किती तास होतात ते मोजा.

आता अनवाणी. नवसानं किंवा जन्माच्या सवयीनं अनवाणी चालणारे वारकरी आहेत, त्यांच्या पायांवर मी डोकं ठेवते. पण ती त्यांची निष्ठा आहे. सगळ्यांना घालायची अट नव्हे. पाऊस लांबला तर दुपारचं डांबर अक्षरशः पोळतं. मधुमेह जुना असेल तर तळपायाची जाणीव बोथट होते, खडा रुतला तरी कळत नाही, आणि ती जखम लवकर भरत नाही. मावशी, तुझे बूट परत करायचे नाहीत.

पण घालून मात्र आत्तापासून फिरायचं. मी नेमकी तीच चूक केली होती. पुण्याहून निघायच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेतले. पुणे-सासवड हा सगळ्यांत मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण. वडकी नाल्याच्या विसाव्याला टाचेला आग होत होती, तरी मी बूट काढला नाही, रांग सुटेल म्हणून. सासवडच्या तळावर मोजा सोलून काढला, तर टाचेची रुपयाएवढी कातडी त्याला चिकटून आली. आजींनी बॅटरीच्या उजेडात टाच पाहिली, मग आपली चप्पल उचलून दाखवली. अंगठा दोनदा शिवलेला, टाचेखाली टायरचा तुकडा ठोकलेला. म्हणाल्या, “नवं पायताण कुठं वारीला आणत असतेत का माय?”

आग व्हायला लागली की तिथेच थांबा, मोजा बदला, त्या जागी कागदी चिकटपट्टी लावा. फोड घर्षणानं आणि ओलाव्यानं येतो, त्यामुळे कोरडा मोजा निम्मं काम करतो. चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्या. रोज रात्री दोन्ही तळपाय कुणाकडून तरी बघून घ्या.

रिकाम्या हाताने निघा, यात थोडं तथ्य आहे. चहा, भाकरी, पिठलं, केळी वाटेत गावोगावची माणसं हात धरून देतात, चप्पल शिवून देणारे सेवेकरी बसलेले असतात. पण तुमची रोजची गोळी कुणी देणार नाही. ती खांद्याच्या पिशवीत हवी. मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते आणि ट्रक थेट तळावर, त्यामुळे ती संध्याकाळीच दिसते. सोबत प्लॅस्टिकचा कागद, आणि दिंडीचा क्रमांक व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी.

पाण्याच्या मुद्द्याचा मला खरोखर राग येतो, कारण तो बायकांना उद्देशून असतो, फक्त तसं म्हणत नाहीत. आडोसा मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून ओठ कोरडे ठेवून चालतात आणि घाटात चक्कर येऊन बसतात. लघवीची जळजळ होते ती वेगळीच. अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय शौचालयं वाढवण्याचा आहे, आणि फिरती शौचालयं आता मुक्कामी बरीच असतात. निघण्यापूर्वी पहाटे आणि प्रत्येक विसाव्याला जाऊन यायचं, आणि घोट घोट पीत राहायचं. घाम फार गेला असेल तर नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही बरं नाही. १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी हे आणि चालण्याच्या दिवसांतल्या गोळ्या दोन्ही आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. दिवसभर चालल्यावर साखर एकदम उतरू शकते, आणि एकादशीच्या उपवासाला तर अधिकच.

राहिली मोडलेली वारी. आळंदी ते पुणे चालून घरी जाणारे, पुणे ते सासवड एकच दिवस करणारे हजारो पुणेकर आहेत. माझे वडील नोकरीमुळे वर्षानुवर्षं तेवढंच चालले, आणि दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या कुठल्याही विणेकऱ्यानं त्यांना ओळीतून बाहेर काढलं नाही. ताप आला, छातीत दुखलं, पाय चिघळला तर परतायचं.

मावशीनं यंदा पुणे-सासवड एवढंच ठरवलंय. येत्या रविवारी पहाटे पाचला आम्ही दोघी हडपसर गाडीतळावरून वडकीपर्यंत चालून बघणार आहोत, तिचे तेच बूट घालून. पालखीच्या दिवशी दिवे घाट गाड्यांना बंद असतो, त्यामुळे सासवडहून तिला न्यायला तिचा मुलगा बोपदेव घाटानं येईल.