‘जन्मजात स्मृती’च्या नावाखाली लेकरांना गोवर होऊ देऊ नका

‘परदेशी शास्त्रज्ञांनी मान्य केलं, जन्मजात प्रतिकारशक्तीलाही स्मृती असते. मग लसी कशाला? गोवर होऊ द्या, शरीर आपोआप तयार होतं. बीसीजीमुळे भारतीयांना कोरोनाने काही केलं नाही. रोज बीटा-ग्लुकन पावडर घ्या.’ हा फॉरवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, आणि तो वाचून माझ्या भाचीने नऊ महिन्यांच्या लेकाची गोवर-रुबेलाची लस ‘थोडं थांबू’ म्हणत पुढे ढकलली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिलं वाक्य खरं आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे कोणताही जंतू दिसला की सरसकट तुटून पडणारी पहिली फळी. स्मृती तिला नसते, ती फक्त एकेक जंतू ओळखायला शिकणाऱ्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आणि टी पेशींना असते, असं आम्हीही शिकलो होतो. पण नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचं रक्त घेतलं, त्यांना एक लस टोचली आणि पुन्हा रक्त तपासलं. त्यातल्या मोनोसाइट पेशींसमोर (या पहिल्या फळीतल्या पांढऱ्या रक्तपेशी) त्या लसीच्या आजाराशी काही संबंध नसलेले जंतू आणि बुरशी ठेवली, तर त्या पेशी आधीपेक्षा जोरात प्रतिसाद देत होत्या, तीन महिन्यांनंतरही. डीएनए तसाच होता, पण तो ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर नव्या रासायनिक खुणा उमटल्या होत्या आणि त्यामुळे काही जनुकं चटकन जागी होत होती. मोनोसाइट रक्तात काही दिवसच जगतात, तरी परिणाम टिकतो, कारण बदल अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचतो.

आता टोचलेली ती लस कोणती? बीसीजी, म्हणजे क्षयाची लस! ज्या शोधाच्या जोरावर ‘लस नको’ म्हणताय, तो शोधच लस टोचून लागलेला आहे. शिवाय ही स्मृती ढोबळ असते. समोरचा विषाणू गोवरचाच आहे, हे ती ओळखत नाही. ते काम अँटिबॉडी आणि टी पेशींचं, आणि त्यांना गोवर ओळखायला शिकवते ती गोवरची लस.

फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘गोवर होऊ द्या’ हे आहे. गोवरचा विषाणू शरीराला काही शिकवत बसत नाही, तो स्मृतीच पुसतो. ज्या पेशींमध्ये जुन्या आजारांची आठवण साठलेली असते, नेमक्या त्यांच्यातच तो शिरतो आणि त्यांना मारतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. नेदरलँड्समधली लस न घेतलेली ७७ मुलं, गोवर होण्याआधीचं आणि नंतरचं त्यांचं रक्त. इतर जंतूंविरुद्ध जमवलेल्या अँटिबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गोवरने नाहीसा केला होता. लस घेतलेल्या मुलांत असं काही झालं नाही. म्हणजे पुरळ गेलं, ताप उतरला, आईबाप निर्धास्त झाले, आणि त्यानंतरच मूल न्यूमोनिया-जुलाबांसमोर पुन्हा उघडं पडतं. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, काय झालं?’ असं विचारणारे हयात आहेत म्हणून विचारतात. जी मुलं गेली, ती ग्रुपवर नाहीत. मुंबईत गोवंडीत २०२२ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली, ती काही जुन्या काळातली गोष्ट नाही.

ज्यांनी डोस लांबवला असेल त्यांनी सरळ आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावं. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो.

बीसीजी आणि कोरोना. ही आशा शास्त्रज्ञांनाही होती, म्हणून तर त्यांनी तपासून पाहिलं. पाच देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला : सहा महिन्यांत लक्षणांसह कोविड झालेले बीसीजी गटात १४.७ टक्के, बनावट इंजेक्शनच्या गटात १२.३ टक्के. संरक्षण दिसलं नाही. आणि भारतीयांना काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी २०२१ चा एप्रिल आठवावा.

राहिली पावडर. प्रयोगशाळेत बीटा-ग्लुकनने (बुरशीच्या पेशींच्या आवरणात असणारा एक पदार्थ) मोनोसाइट ‘तयार’ होतात, हे खरं. दुधात कालवून प्यायल्याने गोवर टळतो, हे कुणीही दाखवलेलं नाही. आणि ही तयारी नेहमी भल्याचीच असते असंही नाही. ऑक्सिडीकरण झालेल्या वाईट कोलेस्टेरॉलनेही याच पेशी अशाच चेकाळतात, आणि रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्यामागे हेही एक कारण असावं असं संशोधक मानतात. ही स्मृती कुठे चेतवायची आणि कुठे दाबायची, हे पाहावं लागतं : मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात डॉक्टर मोजून-मापून बीसीजी थेट मूत्राशयात सोडतात, तर अवयव प्रत्यारोपणात शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून हीच स्मृती दाबता येईल का, याचे प्रयोग उंदरांवर चालू आहेत.