डब्यावर आम्रखंडाचे नाव होते

भोसरीतील एका लहान फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी बारा वर्षे स्टोअर सांभाळले. तिथला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांवरचे वेल्डिंगचे काळे डाग काढण्यासाठी पिकलिंग पेस्ट वापरतात. मोठ्या बादलीतली पेस्ट आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यात काढून घ्यायची आणि ब्रशने लावायची, अशी आमच्याकडची पद्धत होती. एके दिवशी एका कंत्राटी मुलाच्या हातमोज्याला भोक पडले होते. सुटीच्या वेळेपर्यंत त्याला काहीच जाणवले नाही, म्हणून तो हात धुऊन खोलीवर गेला. मध्यरात्री बोटे असह्य ठणकू लागली. हाताला नेमके काय लागले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा सोबतच्या मुलाने कामावरून उचलून आणलेला तो डबाच पुढे केला. त्यावर दूध आणि साखरेची माहिती होती. आतल्या ॲसिडचे नाव कुठेही नव्हते.

त्या पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिडबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते सौम्य असेल तर लगेच चटका बसत नाही. वेदना काही तासांनी, कधी दिवसभरानेही सुरू होतात आणि तोवर फ्लोराइड खोल उतरून शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावलेले असते. हात लगेच भरपूर पाण्याने धुवून त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळत राहावे लागते. भाजल्यावर लावायच्या साध्या मलमाने भागत नाही. नाव कळेपर्यंत सकाळ झाली आणि त्या मुलाच्या एका बोटाचे टोक काढावे लागले. मूळ बादलीवर सगळे छापलेले होते, पण बारीक इंग्रजीत, आणि ती बादली माझ्या स्टोअरमध्ये कुलूपबंद होती.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार डब्यावर रसायनाचे नाव, उत्पादकाचा पत्ता आणि धोक्याचा तपशील हवा. मात्र ही माहिती कोणत्या भाषेत हवी, याबद्दल त्या लेबलच्या नियमात काही सांगितलेले नाही. याउलट शेतकऱ्याच्या कीटकनाशकाच्या बाटलीकडे पाहा. 1971 च्या नियमांमुळे तिच्यासोबत प्रादेशिक भाषेतील माहितीपत्रक येते आणि लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणाचा रंग बाटलीवर असतो, जो अक्षरओळख नसलेल्यालाही समजतो. जी काळजी शेतात घेतली जाते ती कारखान्यात का घेतली जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. रसायनांचे धोके दाखवणाऱ्या लाल चौकटीतील चित्रांची जागतिक पद्धत संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्येच प्रसिद्ध केली. आपल्या कारखान्यांतील सर्व रसायनांसाठी ती सक्तीची व्हायला हवी.

माझा मुख्य आग्रह मात्र दुसऱ्या डब्याबद्दल आहे. अपघात क्वचितच मूळ ड्रमपाशी होतो. तो ड्रममधून काढलेल्या कॅनपाशी, पाण्याच्या बाटलीपाशी, डब्यापाशी होतो. व्यापारी दोनशे लिटरच्या बॅरलमधून पाच लिटरचा कॅन भरून देतो आणि त्यावर मार्करने फक्त ‘थिनर’ लिहितो. म्हणून ज्याने रसायन दुसऱ्या भांड्यात काढले, मग तो व्यापारी असो वा स्टोअरकीपर, त्याने त्या भांड्यावर नाव, धोक्याचे चित्र आणि प्रथमोपचाराची एक ओळ मराठी व हिंदीत लावलीच पाहिजे, असा स्पष्ट नियम हवा. खर्च परवडत नाही, ही लहान मालकांची तक्रार मी रोज ऐकली आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच तयार स्टिकर पुरवण्याची जबाबदारी रसायन विकणाऱ्यावर टाकावी.

कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याबाबतच्या 2020 च्या नव्या संहितेत वीज वापरणारी जागा कारखाना ठरण्यासाठी किमान कामगारसंख्या 20 आहे, जी जुन्या कारखाने अधिनियमात 10 होती. आमच्या शॉपमध्ये चौदा माणसे होती, म्हणजे असे शॉप आता कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. मात्र धोकादायक कामासाठी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याची मुभा केंद्र सरकारला आहे. पिकलिंग आणि प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) कामांसाठी केंद्र सरकारने ती वापरावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ऑफिसमधील फाइल मागण्याआधी शॉपमध्ये जाऊन ब्रश हातात असलेल्या माणसाला विचारावे, ‘या डब्यात काय आहे आणि हाताला लागले तर तू काय करशील?’