भिंत फुगली नाही भाऊ, पेंट फुगलाय

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिला तो तुमचा हक्क, पण "वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली आम्हाला चुना लावला, दिवाळीनंतर भिंत परत फुगली, पांढरं मीठ येतंय, इंजेक्शन मारा म्हटलं तर टाळलं" असं लिहिलंय म्हणून बाकीच्यांसाठी पण जरा सविस्तर सांगतो.

तुमची भिंत काळ्या दगडाची, दोन फूट जाड, मधे माती आणि गिट्टीचा भराव. दगड पाणी पीत नाही, पाणी चढतं दर्जांमधून, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांमधून, आणि त्या भरावातून. त्यावर आधी कोणीतरी सिमेंटचं प्लॅस्टर मारून ठेवलेलं, पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही, मग ओल कमरेवरून पार खिडकीपर्यंत गेली. आम्ही प्लॅस्टर तोडलं तेव्हा आतल्या दर्जांचा चुना नुसता भुगा झालेला, तुम्ही स्वतः मुठीत घेऊन बघितला होता. म्हणून दर्जा उकरून परत चुन्याने भरल्या आणि गिलावा पण चुन्याचाच केला, त्यातून भिंत सुकते. इंजेक्शनला, म्हणजे भिंतीला भोकं पाडून आत केमिकल भरायला, नाही म्हटलं कारण अशा भरावात केमिकल कुठे जाईल याचा भरवसा नसतो, तुमचे पैसे वाया गेले असते.

मीठ येणारच. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. कोरड्या ब्रशने झाडायचं, धुवायचं नाही, धुतलं की ते परत आत जातं. आणि ढोबळ हिशोब असा की एक इंच भिंतीला एक महिना, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुकली तरी दोन फुटाला वर्ष जातंच, मधे पावसाळा आला तर अजून जास्त, हे काम घेतानाच बोललो होतो.

आता फुगण्याचं. तुम्ही दिवाळीला ऑईल पेंट मारला. फोटोत दिसतंय ना, फुगे पेंटला आलेत, एखादा पोपडा नखाने उचलून बघा, मागे ओल हाताला लागेल. शिवाय कूलरचा स्टँड त्याच भिंतीला लावलाय, त्याचं पाणी उन्हाळाभर पायात टपकतं (आपल्याकडे कूलरशिवाय भागत नाही ते मान्य, पण पाईप तरी बाहेर सोडा). आणि गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट चढून रस्ता तुमच्या जोत्याच्या वर आलाय, पावसाचं सगळं पाणी भिंतीलाच येऊन थांबतं. तिथे चर खणून खडी भरा असं कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ते काम तुम्ही खर्च वाचवायला काढून टाकलं.

तरी एक करतो. माझा माणूस पाठवून पेंट खरवडून देतो, मजुरी घेणार नाही. वरून चुन्याची सफेदीच मारायची, पुट्टी नाही, डिस्टेंपर पण नाही. चर मात्र तुमच्या खर्चाने, आणि तो मे महिन्यातच करून घ्या, जूनमध्ये माती ओली झाली की खणून उपयोग नाही. दुकानावर फोन करा, तोपर्यंत रंगवाल्याला त्या भिंतीला हात लावू देऊ नका.